सायबर सुरक्षेचे प्रमाणपत्र: पैसे भरण्यापूर्वी मागणारा कोण ते पाहावे

"सर, पोरगं म्हणतंय साठ हजार भरा, सायबरचं सर्टिफिकेट मिळतंय. भरू का?" हा प्रश्न मला सोलापुरात अनेकदा विचारला गेला आहे. विचारणारे वडील कधी पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात जॉबर असतात, कधी सहकारी बँकेत लिपिक असतात, तर कधी विद्यार्थीच घरच्यांच्या वतीने विचारत असतो. रक्कम बदलते, प्रमाणपत्राचे नावही बदलते. मात्र प्रश्न माझ्यापर्यंत येतो तोवर क्लासवाल्यांनी 'दोनच जागा उरल्या आहेत' हे बहुधा सांगून झालेले असते. माझे उत्तर हो किंवा नाही असे नसते, आणि त्यामुळे विचारणारा थोडा खट्टू होतो. मी उलट विचारतो, की हे प्रमाणपत्र मुलगा कोणाला दाखवणार आहे, आणि ज्याला दाखवायचे त्याने ते मागितले आहे का.

पुढील मजकूर म्हणजे त्या उलट प्रश्नाचाच विस्तार आहे. सायबर सुरक्षेत नोकरी करायचे ज्यांनी ठरवले आहे, परंतु कोणत्या परीक्षेवर, किती आणि कधी पैसे घालावेत हे ज्यांचे ठरलेले नाही, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. मी काही वर्षे पुण्यात एका कंपनीच्या सुरक्षा कक्षात काम केले आणि आता सोलापुरात राहून बँका व कारखाने यांच्या संगणक तपासणीची कामे करतो. त्यामुळे प्रमाणपत्र दाखवणाऱ्याच्या आणि ते पाहणाऱ्याच्या अशा दोन्ही खुर्च्यांवर मी बसलेलो आहे.

आधी कागद ओळखावा

आपल्याकडे 'सर्टिफिकेट' या एकाच शब्दात तीन निरनिराळे कागद येतात. पहिला कागद क्लासचा असतो. शुल्क भरले, हजेरी लावली, की तो मिळतो. दुसरा विद्यापीठाचा किंवा सरकारमान्य संस्थेचा पदवी-पदविकेचा. तिसरा कागद अशा संस्थेचा, जी स्वतंत्र परीक्षा घेते, जिच्या परीक्षेत अनुत्तीर्णही होता येते आणि जिच्या संकेतस्थळावर तुमचा क्रमांक टाकून कोणीही तिऱ्हाईत तो कागद खरा आहे की नाही हे पडताळू शकतो. नोकरीच्या बाजारात ज्याला सर्टिफिकेशन म्हणतात ते हे तिसरे. समोरचा कागद कोणत्या जातीचा आहे हे ठरवण्यासाठी तीन गोष्टी विचारणे पुरेसे असते: परीक्षा कोण घेते, नापास झालेले कोणी आहे का, आणि पडताळणी कशी करायची. या तिन्हींपैकी एकाचेही सरळ उत्तर मिळाले नाही, तर तो पहिल्या जातीचा कागद समजावा.

मी स्वतः पदवीनंतर पहिल्या जातीच्या कागदासाठी सहा महिने आणि घरातले बरेच पैसे घालवले. सोनेरी शिक्का असलेले ते प्रमाणपत्र घेऊन मी पुण्यात मुलाखतीला गेलो, तेव्हा समोरच्या बाईंनी ते न उघडताच बाजूला ठेवले आणि विचारले, "ब्राउझरमध्ये पत्ता टाइप करून एंटर दाबल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडते ते सांगा." मला पंधरा हॅकिंग टूलांची नावे पाठ होती, पण डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधणारी व्यवस्था, काय असते हे दोन वाक्यांत सांगता येत नव्हते. त्या संस्थेचे नाव येथे घेत नाही. तशी संस्था एकच असती तर घेण्यात काही अर्थ होता.

मागणारे कोण कोण आहेत

सोलापूरच्या उमेदवारापुढे व्यवहारात चार प्रकारचे मालक असतात, आणि प्रमाणपत्राचे मोल त्या प्रत्येकाच्या दारात वेगळे असते.

पहिला मालक म्हणजे पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरू येथील मोठी सेवा देणारी कंपनी. तिथे नवख्या मुलाला बहुधा सिक्युरिटी ऑपरेशन्स सेंटरमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या 'सॉक'मध्ये, एल-१, म्हणजे पहिल्या पातळीचा, विश्लेषक म्हणून घेतात. काम रात्रपाळीसह फिरत्या पाळ्यांचे असते. पडद्यावर येणारे इशारे पाहायचे, त्यातले खोटे कोणते आणि खरे कोणते हे वेगळे करायचे, तिकीट (घटनेची नोंद) उघडायचे आणि शंका असेल तर एल-२कडे पाठवायचे. एका जागेसाठी शेकडो अर्ज आलेले असतात, आणि पहिली चाळणी करणाऱ्या एचआर विभागातील माणसाला फायरवॉलचे ज्ञान असेलच असे नाही; त्याच्याकडे शब्दांची एक यादी असते आणि त्या यादीत प्रमाणपत्रांची नावे असतात. येथे प्रमाणपत्राचा उपयोग खरा आहे, पण तो मुलाखतीच्या दारापर्यंतचा आहे. आत बसलेला तांत्रिक अधिकारी प्रमाणपत्राबद्दल क्वचितच विचारतो. विंडोजच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, ४६२५ क्रमांकाची नोंद दोन मिनिटांत दोनशे वेळा आली आणि लगेच ४६२४ क्रमांकाची एक नोंद आली, तर काय घडले असेल, असे काहीतरी तो विचारतो. पहिला क्रमांक फसलेल्या लॉगइनचा आणि दुसरा यशस्वी लॉगइनचा. ज्याने स्वतःच्या संगणकावर हे एकदा घडवून पाहिले आहे, त्याला उत्तर आठवावे लागत नाही.

दुसरा मालक म्हणजे माहिती सुरक्षेचे ऑडिट करणारी संस्था, आणि प्रमाणपत्राला सर्वाधिक रोख किंमत येथे आहे असे माझे मत आहे. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भारतात सायबर घटनांची दखल घेणारी राष्ट्रीय यंत्रणा म्हणजे २००४ पासून काम करणारी सर्ट-इन. ही यंत्रणा ऑडिट करण्यास पात्र अशा संस्थांची यादी ठेवते, आणि सरकारी खात्यांची व बँकांची बरीच कामे त्या यादीतल्या संस्थांकडेच जातात. यादीतल्या प्रत्येक संस्थेची माहिती प्रसिद्ध होते, आणि त्यात संस्थेकडे सीआयएसएसपी (अनुभवी सुरक्षा तज्ज्ञांचे प्रमाणपत्र) असलेले किती, सिसा (माहिती यंत्रणांच्या ऑडिटरचे प्रमाणपत्र) असलेले किती, आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचे लीड ऑडिटर किती, हे आकडे द्यावे लागतात. म्हणजे तुमचे प्रमाणपत्र येथे मालकाच्या कागदावरचा एक आकडा वाढवते. ते तुमच्याइतकेच त्यालाही हवे असते. म्हणून अशा ठिकाणी परीक्षेचे शुल्क कंपनी भरेल का, हे विचारण्यात संकोच करू नये. येथे एक खुलासा आवश्यक आहे: सर्ट-इनच्या यादीत संस्था असतात, व्यक्ती नसतात. 'आमचा कोर्स केल्यावर तुम्ही सर्ट-इन ऑडिटर होता' असे कोणी सांगत असेल, तर तेथून उठून चहा प्यायला जावे.

तिसरा मालक परदेशी आहे, आणि त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच, की यूट्यूबवरचा बराचसा सल्ला त्याच्या देशातून येतो. 'सर्वप्रथम सिक्युरिटी प्लस करा' हे वाक्य अमेरिकेत अगदी रास्त आहे, कारण तेथील संरक्षण खात्याने आधी ८५७० आणि नंतर ८१४० या क्रमांकांच्या निर्देशांद्वारे ठरावीक कामांवरील माणसांकडे ठरावीक पात्रता असणे बंधनकारक केले, आणि त्या यादीत हे प्रमाणपत्र आहे. सोलापूरहून पुण्यात नोकरी शोधणाऱ्याला तो निर्देश लागू नाही. परीक्षा चांगली आहे, अभ्यासक्रमही उत्तम आहे. पण तिच्या मागणीचे कारण समुद्रापलीकडचे आहे, हे ध्यानात ठेवून तिच्यावर पैसे घालावेत.

चौथा मालक आपल्या गावातच आहे आणि तो प्रमाणपत्र मागतच नाही. सोलापुरात नागरी सहकारी बँका व पतसंस्था आहेत, टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणारे कारखानदार आहेत, रुग्णालये आहेत, साखर कारखाने आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली. त्याच्या दोनच महिने आधी पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत शिरून चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले होते. डिसेंबर २०१९ मध्ये या बँकांचे त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तर करण्यात आले आणि वरच्या स्तरातील बँकांवर अधिक कडक अटी आल्या. या अटी पाळायच्या, तर काम करणारा माणूस हवा. मात्र लहान बँकेचा व्यवस्थापक किंवा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला टॉवेल निर्यातदार 'सीईएच' (एथिकल हॅकिंगचे प्रमाणपत्र) या अक्षरांकडे पाहून माणूस ठेवत नाही. निर्यातदाराची अडचण अशी असते, की परदेशी ग्राहकाला त्याच्या नावाने कोणीतरी मेल पाठवला, 'आमचे बँक खाते बदलले आहे' असे कळवले आणि कंटेनरचे पैसे भलतीकडे गेले. त्याला आपल्या नावाने बनावट मेल जाण्याला आळा घालणारे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हे उपाय मेलच्या डोमेनवर लावून देणारा, बॅकअप खरोखर परत आणता येतो की नाही हे दाखवणारा आणि ओळखीतून आलेला माणूस हवा असतो. येथे शिफारस चालते, आणि आधी केलेले काम चालते. ज्याला गाव सोडायचे नाही, त्याने महागड्या परीक्षेआधी अशी दोन कामे कमी पैशात का होईना, पण लेखी परवानगी घेऊन करावीत.

गावातल्या सनदी लेखापालांसाठी एक वेगळी वाट आहे, ती ओघात सांगतो. त्यांच्याच संस्थेचा, म्हणजे आयसीएआयचा, माहिती यंत्रणेच्या लेखापरीक्षणाचा डिसा हा अभ्यासक्रम आहे, आणि सर्ट-इनच्या वर सांगितलेल्या आकडेवारीत त्यालाही स्थान आहे. बँकेचा हिशेब तपासता तपासता संगणक तपासणीकडे वळणे हे त्यांना तुलनेने सोपे जाते.

मोजून पाहावे

आता प्रत्यक्ष कृती. एका रविवारी सकाळी वही घेऊन बसावे आणि नोकरीच्या संकेतस्थळांवरून आपल्याला खरोखर हव्या असलेल्या पदाच्या तीस जाहिराती निवडाव्यात. पद एकच ठेवावे. सॉक विश्लेषक, पेनिट्रेशन टेस्टर (परवानगीने यंत्रणा फोडून तिच्यातल्या उणिवा शोधणारा) आणि ऑडिटर यांची सरमिसळ केली, तर मोजणीला अर्थ राहत नाही. शहरही तेच ठेवावे जेथे राहण्याची तयारी आहे. घरचे फक्त पुण्यापर्यंतच पाठवणार असतील, तर गुरुग्रामच्या जाहिराती मोजून उपयोग नाही. मग प्रत्येक जाहिरातीतील प्रमाणपत्रांची नावे लिहून पुढे उभ्या रेघा मारत जावे. ज्या जाहिरातीत ते 'असल्यास उत्तम' असे लिहिले आहे तिच्यासाठी अर्धी रेघ, आणि 'आवश्यक' असेल तेथे पूर्ण. शेजारच्या रकान्यात अनुभवाची अट लिहावी.

हा रकाना फार बोलका ठरतो. ज्या जाहिरातींत सीआयएसएसपी किंवा सिसा आहे त्यांत पाच-सात वर्षांचा अनुभवही मागितलेला असतो. म्हणजे त्या रेघा आजच्या तुमच्या नाहीतच. त्या खोडल्यावर जे उरते, त्यात एखादे नाव दहा-बारा वेळा आले असेल, तर त्या परीक्षेचा विचार करावा. कोणतेच नाव तीन-चार वेळांपेक्षा जास्त आले नसेल, आणि त्याऐवजी लिनक्स, नेटवर्किंग, स्प्लंक (लॉग तपासण्याचे सॉफ्टवेअर), पायथन हेच शब्द पुन्हा पुन्हा दिसत असतील, तर साठ हजार रुपये खिशातच राहू द्यावेत. क्लासच्या माहितीपत्रकापेक्षा ही वही अधिक खरे बोलते, कारण तिच्यातली माणसे पगार देणारी असतात, शुल्क घेणारी नव्हे.

कोणती परीक्षा कोणत्या टप्प्यावर

वहीत येणाऱ्या नावांचा अर्थ लावता यावा म्हणून मुख्य परीक्षांचे स्वरूप सांगणे भाग आहे. सर्वांची यादी देत नाही. ज्यांच्याविषयी सोलापुरात विचारणा होते त्यांच्यापुरतेच लिहितो.

सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा नावाने सुरक्षेची नाही, तरीही नवख्यासाठी मी तिला वरचे स्थान देतो. माहितीचे पाकीट (पॅकेट) एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसे जाते हे ज्याला कळत नाही, तो वाटेत घुसलेल्या चोराला ओळखणार कसा? तिचे शुल्क ३०० डॉलर आहे आणि वैधता तीन वर्षांची. पैसे नसतील, तर परीक्षा न देता तिचा अभ्यासक्रम पूर्ण करावा. मुलाखतीत त्याचा निम्म्याहून अधिक फायदा तरीही मिळतो.

कॉम्पटिया या संस्थेच्या सिक्युरिटी प्लसमध्ये ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात, १०० ते ९०० या मापावर ७५० गुण लागतात, आणि काही प्रश्न प्रत्यक्ष कृती करून सोडवण्याचे असतात. पाया पक्का करण्यासाठी ती उत्तम. भारतासाठी तिचा दर अमेरिकेपेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणून डॉलरचा आकडा पाहून घाबरण्याआधी भारतीय किंमत पाहावी.

सीईएच, म्हणजे सर्टिफाइड एथिकल हॅकर, हे नाव आपल्याकडे सर्वांत जास्त विकले जाते. ईसी-कौन्सिल या संस्थेच्या या परीक्षेत चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न असतात. प्रात्यक्षिकाची सहा तासांची परीक्षा वेगळी आहे आणि ती द्यावीच लागते असे नाही. तांत्रिक लोक तिला नाके मुरडतात, कारण केवळ पर्याय निवडून हॅकर होता येत नाही. हे खरे असले, तरी भारतीय जाहिरातींत आणि निविदांत तिचे नाव पुष्कळदा येते, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे. तांत्रिक लोकांच्या नाराजीने एचआरची यादी बदलत नाही. अधिकृत प्रशिक्षण घेतल्याशिवाय थेट परीक्षा द्यायची असेल, तर माहिती सुरक्षेतील दोन वर्षांचा अनुभव आणि १०० डॉलरचे परत न मिळणारे अर्जशुल्क लागते. अर्थात नवख्याला प्रशिक्षणासह मोठी रक्कम भरावी लागते, तर दोन वर्षे नोकरी केलेल्याला तोच कागद बराच स्वस्तात मिळतो. वहीत सीईएचच्या पूर्ण रेघा भरपूर आल्या नसतील, तर दोन वर्षे थांबणे शहाणपणाचे.

ओएससीपी ही वेगळ्याच मुशीतली परीक्षा आहे. २३ तास ४५ मिनिटे तुम्हाला एका बंदिस्त जाळ्यातील यंत्रे प्रत्यक्ष फोडावी लागतात, आणि त्यानंतरच्या २४ तासांत सविस्तर अहवाल लिहून द्यावा लागतो. तेथे पाठांतर चालत नाही. पेनिट्रेशन टेस्टिंग करणाऱ्यांच्या जगात तिचा मान मोठा आहे. तिच्या अभ्यासक्रमासह खर्च दीड हजार डॉलरच्या वर जातो. त्यामुळे एका दमात उत्तीर्ण होण्याची तयारी झाल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने मोफत प्रयोगशाळांवर वर्षभर हात साफ केला आणि मगच पैसे भरले, आणि तो क्रम मला योग्य वाटतो.

सीआयएसएसपीविषयी कॉलेजातली मुले विचारतात तेव्हा मला गंमत वाटते. तिच्या आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा पगारी अनुभव लागतो. संगणक, आयटी किंवा संबंधित विषयातली पदवी असेल तर त्यातले एक वर्ष माफ होऊ शकते. अनुभवाशिवाय परीक्षा उत्तीर्ण होता येते, पण मग 'असोसिएट' एवढीच ओळख मिळते आणि अनुभव पुरा करण्यासाठी सहा वर्षांची मुदत असते. सिसालाही, काही सवलती सोडल्या तर, पाच वर्षांची अट आहे. या दोन्ही परीक्षा तिशीच्या आसपास, ऑडिट किंवा व्यवस्थापनाकडे वळताना द्यायच्या. त्यावेळी मात्र टाळाटाळ करू नये, कारण वर सांगितलेल्या दुसऱ्या मालकाच्या दारात त्यांच्याशिवाय बढती अडते.

स्वस्त आणि भरवशाच्या दोन वाटा अनेकांच्या लक्षात येत नाहीत. एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावर आयआयटी खरगपूरचा एथिकल हॅकिंगचा बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम मोफत पाहता येतो, आणि प्रमाणपत्र हवेच असेल तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे शुल्क हजार रुपयांच्या घरात असते. नोकरीच्या चाळणीत त्याचे वजन मोठे नाही. पण हा विषय आपल्याला खरोखर आवडतो का, हे हजार रुपयांत कळते. दुसरी वाट सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेची. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन तेथील सुमारे सहा महिन्यांच्या पूर्णवेळ पदविकेला, म्हणजे ज्याला मुले 'डिटिस' म्हणतात त्याला, प्रवेश घेता येतो. सोलापूर सोडून पुण्यात राहण्याचा खर्च येतो, हे खरे. तरीही अभियांत्रिकीची पदवी झालेल्या आणि कॅम्पसमध्ये नोकरी न मिळालेल्या मुलासाठी मी खासगी क्लासपेक्षा हीच वाट आधी सुचवतो.

खर्च तीन वर्षांचा काढावा

परीक्षेचे शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. बहुतेक मोठी प्रमाणपत्रे विकत घेतल्यासारखी कायमची आपली होत नाहीत. पंचायतीच्या घरपट्टीसारखा त्यांचा दरवर्षीचा आकार असतो. सीईएचसाठी वर्षाला ८० डॉलर आणि तीन वर्षांत १२० शिक्षणगुण (पुढील प्रशिक्षणातून मिळवायचे गुण), सीआयएसएसपीसाठी वर्षाला १३५ डॉलर आणि तीन वर्षांत तितकेच गुण, सिक्युरिटी प्लससाठी तीन वर्षांत ५० गुण. म्हणून हिशेब मांडताना परीक्षाशुल्क, त्यावरील कर, पुस्तके, एकदा नापास झाल्यास फेरपरीक्षा आणि तीन वर्षांची देखभाल, असे सर्व एकत्र धरावे. ही बेरीज पहिल्या नोकरीच्या दोन महिन्यांच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त होत असेल, तर नोकरीआधी ती करू नये, असा माझा ठोकताळा आहे. ठोकताळाच आहे तो, नियम नव्हे. पण कर्ज काढून प्रमाणपत्र घेतलेल्या मुलांना हप्त्याच्या धाकाने मिळेल ती नोकरी आणि त्यासोबतचा बाँड स्वीकारावा लागलेला मी पाहिला आहे.

स्वस्तात मिळणाऱ्या 'डम्प' नावाच्या वस्तूविषयी एकच वाक्य पुरे: फुटलेल्या प्रश्नांचा संच वापरल्याचे आढळले, तर परीक्षा घेणाऱ्या संस्था निकाल रद्द करतात आणि पुन्हा बसण्यावर बंदी घालतात.

प्रमाणपत्राच्या जोडीला काय ठेवावे

मुलाखतीत सांगण्यासारखे काहीतरी स्वतःच्या हाताने केलेले असावे, आणि त्यासाठी साठ हजारांची गरज नाही. १६ जीबी रॅमचा जुना संगणक असेल तर उत्तम; आठवर काम रेटता येते. त्यावर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे एका संगणकात अनेक आभासी संगणक चालवणारे सॉफ्टवेअर, टाकून एक विंडोजचे आणि एक लिनक्सचे यंत्र उभे करावे, वाझू ही मोफत देखरेख यंत्रणा बसवावी आणि स्वतःच्याच यंत्रावर चुकीचे पासवर्ड मारून इशारा येतो का ते पाहावे. बहुधा पहिल्यांदा येत नाही. तो का आला नाही हे शोधण्यात जे दोन-तीन दिवस जातात, त्यांतच खरे शिक्षण होते. पुढे त्या शोधाची दोन पानांची टिपण लिहून ठेवावी: काय केले, काय दिसले, काय चुकले, कसे सुटले. लिनक्सची भीती घालवण्यासाठी ओव्हरदवायर या संकेतस्थळावरील बँडिट हा सरावाचा खेळ, आणि वेब सुरक्षेसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी, ही दोन्ही ठिकाणे मोफत आहेत. अशी पाच टिपणे असलेल्या आणि एकही प्रमाणपत्र नसलेल्या मुलीची मी एकदा शिफारस केली होती; प्रश्न विचारल्यावर ती थांबून विचार करते, हे पाहूनच समोरच्यांनी तिला घेतले.

सराव मात्र स्वतःच्या यंत्रांवर किंवा त्यासाठीच ठेवलेल्या ठिकाणीच करावा. कॉलेजचा सर्व्हर, शेजाऱ्याचे वायफाय किंवा महापालिकेचे संकेतस्थळ 'फक्त तपासून पाहिले' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ज्याच्यावर असा गुन्हा नोंदला आहे त्याला सुरक्षेच्या क्षेत्रात कोणी उभे करत नाही.

परीक्षेच्या दिवसापर्यंत

निर्णय झाला, पैसेही जमले, तरी काही लहान गोष्टींवर घोडे अडते. शुल्क डॉलरमध्ये भरायचे असेल, तर डेबिट कार्डावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आधी चालू करावा लागतो. नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर जसे आहे अगदी तसेच टाकावे. आपल्याकडे कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे नाव मध्ये, तर पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक घरांत आद्याक्षरे असा प्रकार असतो, आणि एकाच माणसाची पासपोर्ट, आधार व मार्कलिस्टवरची नावे तीन तऱ्हांची निघतात. मी स्वतः वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात टाकले होते. परीक्षेच्या खोलीच्या दारातून मला परत पाठवण्यात आले आणि शुल्कही बुडाले. चूक माझी होती.

काही परीक्षा घरून देता येतात, परंतु कॅमेऱ्यापुढे खोलीत तुम्ही एकटेच असावे लागता, टेबल मोकळे लागते, आणि कोणी आत डोकावले किंवा बोलले तरी परीक्षा थांबवली जाऊ शकते. ज्या घरात माग चालू असतो, किंवा दुपारी वीज जाण्याची खात्री देता येत नाही, तेथून ती देण्याचा धोका पत्करू नये. इन्व्हर्टर असलेल्या मित्राच्या घरची एक खोली तीन तासांसाठी मागून घ्यावी, अन्यथा सरळ पुण्याच्या केंद्रातली वेळ घ्यावी आणि आदल्या रात्रीच तेथे मुक्कामाला जावे. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघून दुपारची परीक्षा गाठणे कागदावर जमते, पण गाडीला उशीर झाला तर शुल्क परत मिळत नाही.

उत्तीर्ण झाल्यावर रेझ्युमेमध्ये प्रमाणपत्राचे नाव, मिळाल्याचे वर्ष, वैधतेची तारीख आणि पडताळणीचा दुवा या चार गोष्टी एका ओळीत लिहाव्यात, आणि त्याच्या लगेच खाली आपल्या टिपणांचा दुवा द्यावा. क्लासची हजेरीपत्रके त्या यादीत मिसळू नयेत. तीन खऱ्या नावांत सात हलकी नावे घातली, की वाचणारा दहाही हलकीच समजतो. नूतनीकरणाची तारीख घरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहिता येत नाही, कारण ती तीन वर्षांनंतरची असते. मोबाइलमध्ये ती सहा महिने आधीची आठवण म्हणून लावून ठेवावी.